रेघेखाली एक बोट

रेघमास्तर हे त्यांचं खरं नाव नव्हे. खरं नाव दुकानाच्या पाटीवर होतं, पण पाटीवर तीस वर्षांचं तेल आणि धूळ असं काही बसलं होतं की ते आता एकट्या त्यांनाच वाचता यायचं. दुकान म्हणजे एक खोली, एक लोखंडी शटर, भिंतीवर उंचीप्रमाणे ओळीने टांगलेले पाने आणि छतातून लोंबणारे दोन आकडे. या खोलीतून आजवर एकही सायकल रेघ दाखवत बाहेर पडली नव्हती. ही गोष्ट मास्तर स्वतःच सगळ्यांना सांगायचे, कुणी विचारलं नाही तरी.

ही रेघ म्हणजे काय, ते खरं तर त्यांच्याच तोंडून ऐकावं. पण त्यांचं सांगून होईपर्यंत ऐकणाऱ्याचा चहा थंड होतो, म्हणून थोडक्यात सांगते. सायकलची सीट एका लोखंडी दांड्यावर बसते आणि तो दांडा फ्रेमच्या नळीत उतरतो. त्या दांड्यावर कारखान्यातूनच एक बारीक आडवी रेघ कोरून येते. सीट हवी तेवढी वर घ्या, पण रेघ नळीबाहेर दिसता कामा नये. रेघेच्या खाली चार बोटं दांडा असतो. तेवढा नळीत राहिला तरच तो माणसाचं वजन पेलतो. नाहीतर तो नळीचं तोंड फाडतो, किंवा वाकतो, किंवा सरळ उपटून बाहेर येतो आणि वरचा माणूस भलतीकडेच जातो. "रेघ आत, तर जीव आत," असं मास्तर म्हणायचे, आणि म्हणताना बोट वर करायचे. त्या बोटामुळेच लोक हसायचे.

सीट बसवायची त्यांची पद्धतही ठरलेली. आधी नळी आतून कापडाने पुसायची. मग दांड्याला ग्रीसचा पातळ हात द्यायचा, कारण तो दिला नाही तर वर्षभरात गंज त्या दोघांचं लग्न लावून देतो आणि पुढे काडीमोड मिळत नाही. गिऱ्हाइकाला सीटवर बसवून टाच पॅडलवर टेकवायला लावायची; पॅडल अगदी खाली असताना पाय सरळ झाला की उंची बरोबर. मग रेघ बघायची. मग बोल्ट आवळायचा, पण राग काढल्यासारखा नाही, नळी चेपते. सगळ्यात शेवटी सीटचं नाक आणि शेपूट दोन हातांत धरून पिळायचं. जरा जरी हललं तरी पुन्हा पहिल्यापासून. गिऱ्हाइकाला उशीर होत असेल तर तो त्याचा प्रश्न.

त्या दिवशी सकाळी हा प्रश्न पाववाल्याचा होता. पाववाला ताडमाड उंच. पुढे-मागे पावाचे ट्रे लावलेली त्याची सायकल घेऊन तो आला आणि म्हणाला, "सीट दोन बोटं वर घ्या, मास्तर. गुडघे दुखतात."

मास्तरांनी पाना लावला, बोल्ट सोडला, दांडा पिळून बघितला. दांडा ढिम्म हलेना.

"ग्रीस कधी लावलं होतंस?"

"ग्रीस? साखळीला लावतो की."

"साखळीला! आणि हा दांडा काय हवा खाऊन जगतो? गंजून चिकटलाय. रेघ कुठे गेलीय तेही दिसत नाही. रेघ बघितल्याशिवाय मी ही तसूभर वर घेणार नाही. तेल सोडतो, राहू दे संध्याकाळपर्यंत."

"मग मी पाव कसे वाटू?"

"चालत. पाय लांब आहेत तुझे."

पाववाला तोंडातल्या तोंडात काहीतरी पुटपुटत निघून गेला. मास्तरांनी बोल्ट परत आवळून ठेवला, सांध्यात तेलाचे चार थेंब सोडले आणि मोठ्या समाधानाने हात पुसले. दुसऱ्याची चूक सापडली की त्यांना सकाळ बरी जायची. स्वभावच तसा, त्याला कोण काय करणार.

साडेदहाच्या सुमाराला बायको चहाची किटली घेऊन आली. तिचा डावा गुडघा कामातून गेलेला, त्यामुळे ती दोन पावलांना एक थांबा घेत यायची. स्टुलावर बसून तिने आधी दम खाल्ला आणि मग बातमी दिली.

"आज बस बंद आहेत. सूनबाई माझी सायकल घेऊन गेली."

"कुठली?"

"माझ्या काय दहा सायकली आहेत? तीच. दोन वर्षं भिंतीला टेकून पडली होती ती. हवा भरली तिने, साखळी पुसली, ब्रेक बघितले. सीट वर घेतली."

मास्तरांचा कपाकडे जाणारा हात तिथेच थांबला. "किती वर?"

"रेघेपर्यंत," बायको कौतुकाने म्हणाली. "मला मुद्दाम बोलावून दाखवलं. म्हणाली, आई बघा, रेघ बरोबर झाकलीये, बाबांना सांगा म्हणजे त्यांना बरं वाटेल. टाच टेकवून बघितली, सीट पिळून बघितली. अगदी तुमच्यासारखं. बोटही वर केलं."

मास्तरांनी चहाचा कप दूर सारला.

सून घरात येऊन आठ महिने झाले होते. ती मुलापेक्षाही चार बोटं उंच, आणि पाणीखात्याच्या प्रयोगशाळेत नोकरीला. मास्तर तिच्याशी फारसं बोलत नसत. राग नव्हता, संकोच होता. तिला काही सांगायचं तर ते बायकोला सांगायचे, "सूनबाईला म्हणावं, दिवा मालव," आणि सूनबाई समोरच उभी असायची. त्यांचं दोघांचं खरं बोलणं एकदाच झालं होतं. ती दुकानात डबा द्यायला आली होती आणि तिने विचारलं होतं, "बाबा, ही रेघ कशाची?" त्या दिवशी मास्तर तासभर बोलले. तिने सगळं मन लावून ऐकलं होतं. मन लावून ऐकलं होतं म्हणूनच आज तिने ती रेघ बरोबर झाकली होती.

आणि त्या दांड्याची रेघ खोटी होती.

सात वर्षांपूर्वीची गोष्ट. बायको बुटकी, तिचे पाय जमिनीला टेकेनात. सीट आणखी खाली जाईना, कारण नळीत आत बाटलीच्या स्टँडचा बोल्ट आडवा येत होता. आखूड दांडा आणून बसवायचा, हा सरळ मार्ग. पण त्या दिवशी आखूड दांडा दुकानात नव्हता, बायको हँडल धरून उभी होती, आणि मास्तरांनी करवत घेऊन दांड्याची तीन बोटं खालून उडवून दिली. दांडा खाली गेला, पाय टेकले, बायको खूश. खाली बसवलेल्या सीटला त्याचा काही धोका नव्हता. पण खालून कापला की वरची रेघ आपल्या जागी तशीच राहते आणि साफ खोटं बोलू लागते. अशा दांड्यावर रेघ नवी मारायची, जुनी कानशीने घासून काढायची, एवढं कळायला मास्तरांना कुणाची शिकवण नको होती. खिळा हातातही घेतला होता त्यांनी. मग म्हणाले, जाऊ दे, घरचीच तर आहे, करू सावकाश. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हा.

चार बोटांतून तीन गेली. रेघेखाली एक बोट उरलं होतं. सूनबाई त्या एका बोटावर बसून गेली होती.

"कुठे गेलीय ती?" मास्तरांनी विचारलं.

"आज मंगळवार. टेकडीवरच्या टाकीचं पाणी तपासायला. आठ बाटल्या भरून अकराला परत. का हो?"

टेकडी. चढताना निम्मं अंतर माणूस सायकल ढकलत नेतो, सीटवर भार नाही. सपाट रस्त्यावर एक बोट कसंबसं तग धरेल. पण उतरताना दवाखान्याच्या वर सगळी चौकोनी दगडांची फरसबंदी, दर हाताला एक दणका, आणि पाठीवर आठ भरलेल्या बाटल्या. शिवाय ते वळण. वळणावरचा कठडा कमरेइतकाही उंच नाही आणि त्याच्या पलीकडे दोन मजले खोल अंगण.

"मी तुझा दांडा कापला होता," मास्तर म्हणाले. "आठवतंय? रेघ खरी नाही त्याच्यावरची. तो निघून येईल, गं. उतारावर निघून येईल."

बायकोने किटली खाली ठेवली. तिला आठवलं. करवतीचा आवाज, आणि आपणच "बास, पुरे, टेकले पाय" म्हणून हसलो होतो तेही. तिने फोन लावला, मास्तरांनीही लावला. टाकीच्या जाड भिंतींत फोन कधीच लागत नाही, तो आजही लागला नाही.

"मग माझं तोंड काय बघताय?" ती ओरडली. "जा!"

दुकानात तीन सायकली होत्या. एकीला पुढचं चाक नव्हतं, दुसरीची साखळी रॉकेलच्या डब्यात भिजत होती. तिसरी पाववाल्याची. तिची सीट मास्तरांच्या बरगडीला लागत होती आणि दांडा तर गंजाने धरून ठेवलेला, खाली येण्याचं नाव नको. मास्तरांनी ट्रे काढून फेकले, पाना खिशात कोंबला, नळीवर पाय टाकला आणि उभ्यानेच पॅडल मारू लागले. बासष्ट वर्षांचा माणूस, बसायला जागा नाही, आणि मागून ती सीट दर पॅडलला पाठीत ढोसणी देतेय. बाजारात दोघे-तिघे हसले. एकाने विचारलंही, "मास्तर, रेघ आत आहे ना?" एरवी त्यांनी त्याला थांबवून सुनावलं असतं.

दहा चाळीस. पाण्याच्या बाटल्या भरायला किती वेळ लागतो? तिने एकदा जेवताना सांगितलं होतं. आधी जंतू मारायला नळाचं तोंड ज्योतीने तापवून घ्यायचं, मग पाणी वाहू द्यायचं, मग एकेक बाटली भरून चिठ्ठी लावायची. ती कामात चोख होती, चिठ्ठीवरचं अक्षर मोत्यासारखं काढणारी. मास्तर मनात म्हणत होते, आणखी सावकाश काढ, बाई, एकेक अक्षर गिरवून काढ.

दवाखान्यापर्यंत डांबरी रस्ता होता, तो संपला. दगड सुरू झाले. मांड्या भरून आल्या, छातीत भाता चालू झाला. मास्तर उतरले आणि सायकल ढकलत पळू लागले. खरं म्हणजे सायकल तिथेच टाकून द्यायला हवी होती, पण इतक्या वर्षांत त्यांनी कधी सायकल रस्त्यावर टाकली नव्हती आणि घाबरलेल्या माणसाला नवीन काही सुचत नाही. पळताना डोळ्यांपुढे एकच गोष्ट येत होती. नळीचं तोंड, आणि त्यात ते एक बोट, दर दणक्याला इकडून तिकडे डुलणारं. आधी कुरकुर होते. मग सीटचं नाक वर उचलायला लागतं. मग फार वेळ उरत नाही.

वळणावर दोन बायका कठड्याला चुना मारत होत्या. मास्तर तिथे पोचले आणि वर बघितलं, तर ती येत होती.

शंभर-सव्वाशे पावलांवर होती. अगदी ताठ बसलेली, पाठीवर पिशवी, ब्रेक हळूहळू सोडत, शहाण्यासारखी उतरत होती. आणि सीटचं नाक वर उचललेलं होतं. मास्तरांना ते एवढ्या लांबूनही दिसलं. आयुष्य सीटकडे बघण्यात गेलेलं. तिने त्यांना बघितलं. बाबा, इथे, पाववाल्याची सायकल घेऊन! तिला आश्चर्य वाटलं, हसू आलं, आणि तिने एक हात वर केला.

काय करायचं ते मास्तरांना पक्कं ठाऊक होतं. तिने पॅडलवर उभं राहायला हवं होतं. अंगाचा भार पायांवर घेतला की सीट गेली काय आणि राहिली काय, सारखंच. बसल्या बसल्या ब्रेक मारला तर मात्र माणूस दचकून मागे रेलतो, सगळं वजन दांड्याच्या मागच्या कडेवर येतं आणि खेळ खलास. म्हणून ते जीव खाऊन ओरडले,

"उभी राहा! सूनबाई, उभी राहा!"

आणि तोंडातून शब्द सुटताच त्यांना कळलं की आपण काय बोलून बसलो. रस्त्यावर कुणी "उभी राहा" म्हणून ओरडलं तर त्याचा अर्थ सगळं जग एकच घेतं: थांब. ती तरी दुसरा कसा घेणार? तिने वरचा हात झटकन खाली आणला, दोन्ही ब्रेक दाबले आणि थांबण्यासाठी सीटवर मागे रेलली.

नाक आणखी वर गेलं. नळीच्या तोंडाशी दांडा तिरका झालेला दिसला. मागचं चाक दगडांवरून घसरू लागलं आणि सायकल कठड्याकडे सरकायला लागली. पाठीवरच्या बाटल्या एकमेकींवर आपटल्याचा आवाज मास्तरांपर्यंत आला.

सभ्य शब्द भाषेत पुष्कळ आहेत. पण ते सगळे लांबलचक असतात, आणि त्या उतारावर लांबलचक शब्दाला वेळ नव्हता. जो माणूस सुनेला "दिवा मालव" सुद्धा बायकोच्या तोंडून सांगायचा, तो भर रस्त्यात, दोन परक्या बायकांदेखत, घसा फाडून ओरडला,

"बूड उचल! अगं, बूड उचल! बूड!"

चुना मारणाऱ्या बाईच्या हातातला कुंचला खाली पडला. सूनबाईच्या चेहऱ्यावर क्षणभर काहीच उमटलं नाही. मग तिने उचललं. आठ महिन्यांत तिने सासऱ्याचं एवढं निमूट कधी ऐकलं नव्हतं, आणि त्यांनीही तिला एवढं स्पष्ट कधी सांगितलं नव्हतं.

ती पॅडलवर उठली तोच सीट दांड्यासकट मागे कलंडली. नळीतून सुटली, दगडावर आपटून उडाली आणि खणखण करत मास्तरांच्या पायांशी येऊन थांबली. सीट नसलेली सायकल आणि तिच्यावर उभी सून, अशी वरात वीसेक पावलं आणखी खाली आली. तिने ब्रेक दाबले, सोडले, पुन्हा दाबले. कठड्यापासून हातभर अंतरावर तिचा पाय जमिनीला लागला.

मास्तरांनी सीट दांड्यासकट उचलली. मग चुन्याच्या बादलीपाशी एकीला हसू फुटलं, भीतीचं हसू, आणि ती तोंडाला पदर लावून दुसरीकडे बघू लागली.

सूनबाई सायकलवरून उतरली. पिशवी काढून तिने आधी बाटल्या बघितल्या, कारण हाताला दुसरं काहीतरी काम हवं होतं. एक फुटली होती. पाणी तिच्या पाठीवरून ठिबकत होतं. मग तिने नळीच्या फाटलेल्या तोंडाकडे बघितलं आणि म्हणाली,

"बाबा, माझं चुकलं असणार. बोल्ट कमी आवळला गेला असेल. पण रेघ मी बघितली होती. खरंच बघितली होती. आईंना विचारा."

मास्तरांच्या हातात तो दांडा होता. आणि खरं सांगायचं तर त्यांच्या मनात आलं. येणारच, माणूस म्हटल्यावर. मुलगी वाचली होती. चूक ती स्वतःच्या पदरात घेत होती. "पुढच्या वेळी नीट आवळ" एवढं म्हटलं असतं तर प्रकरण तिथेच मिटलं असतं, रेघमास्तरांचं नाव जिथल्या तिथे राहिलं असतं. दांड्याचं कापलेलं टोक मुठीत झाकायला काही वेळ लागत नाही. तिच्या पाठीवरून पाणी ठिबकत होतं आणि ती त्यांच्याकडे माफी मागितल्यासारखी बघत होती. त्यांना ते बघवेना.

"तुझं काही चुकलं नाही," ते म्हणाले. "रेघ खोटी आहे. हा दांडा मी खालून कापलाय. सात वर्षांपूर्वी."

तिने दांडा त्यांच्या हातून घेतला. रेघेखाली आपलं एक बोट आडवं ठेवलं. बोट मावलं आणि दांडा संपला.

"आणि नवी रेघ?"

"नाही मारली."

"का?"

"म्हटलं, घरचीच आहे."

ती कठड्यावर बसली. ओला चुना साडीला लागला तरी तिला कळलं नाही. "मीही घरचीच आहे, बाबा," ती म्हणाली.

एवढंच म्हणाली. आवाज चढवला नाही, रडली नाही. मास्तरांनी उभ्या जन्मात शेकडो लोकांना शेलक्या शब्दांत झाडलं होतं. स्वतःला झाडून घ्यायची वेळ आली तेव्हा ते नुसते मान खाली घालून उभे राहिले. त्यांना वाटलं, हिने दोन शब्द तरी वाईट बोलावेत. तिने बोलण्याऐवजी विचारलं,

"आणखी कुणाचा कापलाय?"

मास्तर पाववाल्याच्या सायकलकडे वळले.

"बाबा, कुणाचा?"

"एकच," ते म्हणाले. "एकदा जमलं म्हणून पुन्हा केलं. शिंपीणबाईच्या मुलीचा. सायकल मोठी होती तिला. आई खोळंबली होती, म्हटलं..."

"केवढी आहे मुलगी?"

"अकरा वर्षांची."

"आत्ता अकरा?"

हा हिशेब मास्तरांनी कधी केलाच नव्हता. बायको वाढत नाही. म्हणून सात वर्षं तो दांडा जिथल्या तिथे राहिला. पण पोरं वाढतात. दर वर्षी सीट बोटभर वर जाते, आणि शिंपीणबाई आपल्या पोरीला सांगते, रेघ बघून घे गं, रेघमास्तरांनी बसवलीये.

"चार वर्षं झाली," ते म्हणाले.

सूनबाई केव्हाच उठली होती. "आता शाळेत असेल ती. कुठली शाळा?"

"दवाखान्याच्या मागची."

दोघे उतार उतरले. तिने बिनसीटची सायकल धरली, त्यांनी पाववाल्याची. दोघांपैकी कुणीही बसलं नाही. मास्तरांना धाप लागली होती पण ते थांबले नाहीत, आणि तीही त्यांच्यासाठी थांबली नाही.

शाळेच्या मागच्या छपराखाली दीड-दोनशे सायकली दाटीवाटीने उभ्या होत्या. पहारेकऱ्याने अडवलं. सूनबाईने पाणीखात्याचं ओळखपत्र दाखवलं, त्याचा सायकलींशी काय संबंध हे त्याला कळलं नाही, पण तिचा चेहरा बघून तो बाजूला झाला. मास्तर एका रांगेतून गेले, ती दुसऱ्या. मास्तर चेहरे विसरत, सायकली विसरत नसत. निळी, पुढे टोपली, मागच्या मडगार्डला त्यांनीच लावलेला तांब्याचा रिबिट. तिसऱ्या रांगेत सापडली.

सीट उंच होती. रेघ आत होती, केसभर आत.

मास्तरांनी खिशातला पाना काढला आणि बोल्ट सैल केला. दांडा बाटलीचं बूच निघावं तसा अलगद वर आला. खाली सव्वा बोट. कडेला दोन्ही बाजूंनी चकाकी आली होती, म्हणजे तो केव्हापासून आत डुलत होता. मास्तर मटकन तिथेच, सायकलींच्या मध्ये, खाली बसले.

तेवढ्यात मधल्या सुट्टीची घंटा झाली. पोरं बाहेर आली आणि त्यांच्यात दोन वेण्यांची एक उंच मुलगी. आपल्या सायकलपाशी गर्दी बघून ती धावतच आली.

"काका! माझी सीट का काढली तुम्ही?"

मास्तर उठले. सूनबाई मागे उभी होती. तिने मध्ये तोंड घातलं नाही. मास्तरांनी दांडा त्या मुलीच्या हातात दिला आणि तिला सगळं सांगितलं. पंधरा वर्षांच्या पोरीला सांगावं तसं नाही, मोठ्या माणसापुढे कबूल व्हावं तसं. दांडा कापला तो मी. रेघ तशीच ठेवली ती मी. आज टेकडीवर माझ्या सुनेचं काय झालं असतं, आणि तुझंही काय होऊ शकलं असतं. "सायकल आज मी घेऊन जातो," ते म्हणाले. "नवा दांडा बसवून आणतो. तोवर हिच्यावर बसायचं नाही."

मुलीने दांडा फिरवून बघितला. तिला भीती वाटली नव्हती, त्या वयात वाटत नाही. ती विचारात पडली होती.

"आईला सांगू मी?"

"तू नको. मी सांगतो. आत्ताच जातो."

"आई तुमच्यावर फार चिडेल, काका," मुलगी हळूच म्हणाली, जणू त्यांनाच सांभाळून घेत. "ती येणाऱ्या-जाणाऱ्या सगळ्यांना सांगते, सायकल तुमच्याकडेच न्या म्हणून."

मास्तरांनी चष्मा काढला, सदऱ्याला पुसला आणि परत घातला.

"चिडू दे," ते म्हणाले. "चिडायलाच पाहिजे."

सूनबाईने पाववाल्याची सायकल आपल्या बिनसीटच्या सायकलशेजारी भिंतीला लावली, निळी त्यांच्या हातात दिली, आणि दोघे शिंपीणबाईच्या घराकडे निघाले.